घटनास्थळी प्रथम पोहोचणारा पोलीस आणि त्याच्या नोंदीची भाषा

गुन्ह्याच्या तपासातील जी सामग्री एकदा हातची गेली असता पुन्हा कोणत्याही उपायाने मिळवता येत नाही, ती म्हणजे गुन्हा उघडकीस आल्यानंतरच्या पहिल्या तासाभरातील घटनास्थळाची स्थिती होय. साक्षीदार पुन्हा बोलावता येतो, शवविच्छेदनाचा अहवाल पुन्हा तपासता येतो. परंतु ओल्या मातीवरील पाऊल, अर्धवट मिटलेले दार, जखमी मनुष्याच्या तोंडचे दोन शब्द ह्यांना दुसरी खेप नसते. ह्या तासाभरात तेथे बहुधा पोलीस दलातील सर्वांत कनिष्ठ मनुष्य हजर असतो. तपासी अधिकारी, न्यायसहायक प्रयोगशाळेतील तज्ज्ञ, सरकारी वकील आणि शेवटी न्यायाधीश हे सारे त्या शिपायाने काय राखले आणि काय लिहिले ह्यावर अवलंबून राहतात. प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अध्यापक आहे. राखण्याच्या बाजूविषयी आवश्यक तेवढे सांगून लिहिण्याच्या बाजूकडे वळावे, असा ह्या लेखाचा हेतू आहे.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक ठिकाण डोळ्यांसमोर ठेवू. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील आटगाव हे कल्याण-कसारा लोहमार्गावरील आसनगावच्या पुढचे स्थानक. जवळून मुंबई-नाशिक महामार्ग जातो, पश्चिमेस तानसा जलाशय आणि त्याभोवतीचे अभयारण्य, आणि सभोवार कातकरी, ठाकूर, वारली, कोळी व कुणबी ह्यांचे पाडे. तालुक्याची दुसरी बाजू मुरबाडला भिडते. त्या पट्ट्यात तर अनेक पाड्यांपर्यंत पावसाळ्यात वाहन जाणेही दुरापास्त होते. अशा ठिकाणी एखादे प्रेत आढळले, तर पहिला प्रश्न ‘हद्द कोणाची?’ हा उभा राहतो. रुळांवर आणि फलाटावर लोहमार्ग पोलिसांचा अधिकार, गावठाणात ग्रामीण पोलिसांचा, रानात वनखात्याचे कर्मचारी, आणि महामार्गावर अपघातस्थळी बहुधा आधी पोहोचणारे महामार्ग पोलीस. प्रेत रुळापासून दहा हातांवर पडले असेल, तर प्रत्येकास ते दुसऱ्याच्या हद्दीत दिसण्याचा संभव असतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने, दखलपात्र गुन्ह्याची खबर गुन्हा कोणत्याही क्षेत्रात घडला असला तरी नोंदवून घेतली पाहिजे, असे आता स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. लोकव्यवहारात हिला ‘शून्य क्रमांकाची खबर’ म्हणतात. हद्दीचा निवाडा मागाहून होऊ शकतो. परंतु ज्याची पावले तेथे प्रथम पडली, त्याला जागेचे रक्षण त्या निवाड्यासाठी थांबवता येत नाही.

वस्तुतः पोलीस शिपाई हाही पुष्कळदा पहिला नसतो. १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाखाली नेमलेला पोलीस पाटील त्याच्या आधी तेथे उभा असतो. गावात संशयास्पद वा आकस्मिक मृत्यू झाल्यास त्याची खबर तत्काळ देण्याचे बंधन ग्रामाधिकाऱ्यांवर नव्या संहितेतही कायम आहे. पोलीस पाटील गावचाच असल्यामुळे त्याला माणसे ओळखता येतात, बोली कळते. आणि त्याच कारणाने गर्दीला ‘मागे सरा’ म्हणताना त्याला भीड पडते. मृताच्या आईला प्रेतापासून दूर ठेवणे हे काम गावातल्या मनुष्याला किती कठीण जात असेल, ह्याची कल्पना पुस्तकांतून येत नाही.

आता कर्तव्यांविषयी. सर्वांत पहिले कर्तव्य पुराव्याचे नसून प्राणाचे आहे. जखमी मनुष्यात धुगधुगी असेल तर त्याला हलवावे, रुग्णवाहिका मागवावी. असे करताना रक्ताचा डाग पुसला गेला तरी चालेल. मात्र तो पुसला गेला, कोणाकडून आणि कोणत्या वेळी, हे लिहून ठेवले पाहिजे. त्यानंतरची कामे बहुतांशी न करण्याची आहेत: वस्तू उचलू नये, दिव्याची कळ दाबू नये, नळ सोडू नये, विडी ओढू नये, प्रेतावर सापडेल ते पांघरूण घालू नये. जाण्यायेण्यास एकच वाट ठरवावी आणि आपणही तिनेच जावे. जागा दोरीने वेढावी. आणि ती दिसते त्यापेक्षा मोठी धरावी, कारण वेढा मागाहून लहान करता येतो, मोठा करता येत नाही. कोण आले, कोण गेले, कोणत्या वेळी, ह्याची यादी ठेवावी. साक्षीदारांना एकत्र बसू देऊ नये, कारण तासभर एकत्र बसलेल्या चार माणसांच्या चार हकीकतींची नकळत एकच हकीकत होते. वरिष्ठांना कळवावे आणि ते येताच जे पाहिले ते सांगून जागा त्यांच्या स्वाधीन करावी. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी येऊन पुरावा गोळा करावा व त्या कार्यवाहीचे चित्रीकरण व्हावे, अशी तरतूद नव्या संहितेच्या कलम १७६ मध्ये आहे. ती अमलात आणण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिलेली आहे. महाराष्ट्राची न्यायसहायक प्रयोगशाळा १९५८ पासून मुंबईत आहे. परंतु तज्ज्ञ कोठूनही निघो, तो पाड्यावर पोहोचेपर्यंत मधले तास त्या एका शिपायाचे असतात. आणि आषाढातला पाऊस कोणत्याही कलमासाठी थांबत नाही. पावसात पावलाच्या ठशावर पालथे घातलेले घमेले हे आटगावच्या परिसरात कित्येकदा सर्वांत मोलाचे शास्त्रीय उपकरण ठरेल.

ह्या नियमांचे मूळ फार जुने नाही. ऑस्ट्रियातील ग्राझ येथील तपासी न्यायाधीश हान्स ग्रोस ह्याने १८९३ मध्ये तपासशास्त्रावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे इंग्रजी रूपांतर मद्रासेत तयार होऊन १९०६ मध्ये निघाले, म्हणजे हे शास्त्र इंग्रजीत उतरले तेच हिंदुस्थानच्या वाटेने. पुढे फ्रान्समधील लिआँ येथे १९१० मध्ये प्रयोगशाळा काढणाऱ्या एदमाँ लोकार ह्याने, दोन वस्तूंचा स्पर्श झाला की प्रत्येकीचा काही अंश दुसरीवर राहतो, हे तत्त्व मांडले. हे तत्त्व पोलिसालाही लागू पडते, ही गोष्ट मात्र विसरली जाते. नोएडा येथील २००८ च्या दुहेरी हत्याप्रकरणात पहिल्या दिवशी घरातून माणसांची ये-जा मुक्तपणे चालू होती आणि गच्चीचे कुलूपबंद दार उघडलेच गेले नाही. दुसरे प्रेत दुसऱ्या दिवशी त्या गच्चीवर सापडले. पहिल्या दिवसाची ही उणीव पुढील सर्व वर्षांच्या तपासाला आणि न्यायालयीन कामाला पुरून उरली. विरुद्ध टोकाचे उदाहरण पुण्यातील १९७६-७७ च्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडाचे. तेथे श्वानपथकाला माग लागू नये म्हणून मारेकऱ्यांनी घटनास्थळी अत्तर शिंपडल्याचे प्रसिद्ध आहे. घटनास्थळ काय बोलू शकते ह्याची जाण गुन्हेगारालाही असते.

येथपर्यंत जे सांगितले त्यासाठी भाषाशास्त्राची गरज नव्हती. परंतु राखलेले घटनास्थळ न्यायालयात जाते ते कागदावरून, आणि तो कागद बहुतेक वेळा पंचनामा असतो. पंचनामा ह्या शब्दाची व्याख्या जुन्या दंडप्रक्रिया संहितेत नव्हती आणि नव्या संहितेतही नाही. झडतीच्या वेळी त्या भागातील दोन वा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवासी बोलवावेत, असे कायदा म्हणतो; बाकीचा आकृतिबंध रूढीने घडविला आहे. नावात पाच असले तरी दोघांवर काम भागते. न्यायालयाच्या दृष्टीने पंचनाम्यातला मजकूर हा स्वयमेव पुरावा नव्हे. पंचाने शपथेवर येऊन सांगितलेले ते पुरावा, आणि पंचनामा त्याच्या स्मरणाला आधार. म्हणजे ज्या कागदाचे कार्य स्मरण जागे करणे हे आहे, तो पंचाच्या भाषेत असावा अशी अपेक्षा कोणीही करील. प्रत्यक्षात तो तशा भाषेत नसतो.

ह्या भाषेची घडण पाहण्यासारखी आहे. मयत, इसम, सदर, हजर, जबाब, फिर्याद, हद्द, जप्त हे सारे अरबी-फारसी. चतुःसीमा, समक्ष, घटनास्थळ हे संस्कृत. आणि क्रियापदे मराठी. शिवकालात राज्यव्यवहारकोश रचून फारसी शब्द काढण्याचा जो उद्योग झाला, त्याने चौकीवरचे शब्द फारसे हलले नाहीत. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाच्या परिभाषेनेही पदनामे बदलली, ‘मयत’ तसाच राहिला. शब्दांच्या मूळ अर्थांकडे पाहिले तर मौज वाटते, आणि थोडा विषादही. ‘इसम’ म्हणजे अरबीत नाव. आपल्या पंचनाम्यात ज्याला नाव नाही तोच ‘अनोळखी इसम’ होतो. ‘फिर्याद’ म्हणजे मदतीसाठी फोडलेला टाहो. कागदावर उतरेपर्यंत त्यातला टाहो निघून जातो. ‘ठाणे’ हे स्थानवाचक संस्कृत शब्दाचे वंशज. जिल्ह्याचे नाव तेच, चौकीचे नाव तेच. ‘जबाब’ म्हणजे उत्तर, आणि आपल्या जबाबांत प्रश्न कोठेच नसतात. ह्या शेवटच्या गोष्टीचा विचार थोडा विस्ताराने करणे अवश्य आहे.

पोलीस विचारतो, “त्याच्या हातात कोयता होता का?” साक्षीदार मान हलवितो. जबाबात उतरते: ‘त्याचे हातात लोखंडी कोयता मी पाहिला.’ (हे व पुढील नमुने प्रस्तुत लेखकाने विवेचनापुरते रचलेले आहेत.) प्रश्न गळाला, मान हलविणे गळाले, आणि ‘लोखंडी’ हे विशेषण लिहिणाऱ्याच्या सवयीने आले. साक्षीदाराने कोयता स्वतः होऊन सांगितला की त्याच्यापुढे तो शब्द ठेवला गेला, हा भेद उलटतपासणीत निर्णायक ठरू शकतो. परंतु प्रथमपुरुषी एकवचनात ओतलेल्या गद्याने तो कायमचा मिटविला. ‘मी’ कागदावर येतो, पण वाक्य ‘मी’चे नसते.

दुसरे उदाहरण क्रियापदांचे. पंचनाम्याची लाडकी क्रियापदे ‘मिळून आला’, ‘दिसून आले’, ‘आढळून आले’ ही होत. मराठीच्या ह्या संयुक्त रूपांत अनुभव घेणारा कर्ता वाक्याबाहेर ठेवण्याची सोय आहे. भाषेचे ते एक सौंदर्यही आहे. परंतु ‘झुडपात चाकू मिळून आला’ ह्या वाक्यात चाकू कोणाला दिसला, शिपायाला की पंचाला, आधी कोणी बोट दाखविले, हे सारे अनुच्चारित राहते. तीच गत ‘दार उघडे दिसून आले’ ह्या वाक्याची. शिपाई पोहोचला तेव्हा ते उघडे होते, की शेजाऱ्याने आधी उघडले होते, की शिपायाने स्वतः ढकलले? ‘मी पोहोचलो तेव्हा दार सताड उघडे होते, आपण ते उघडल्याचे शेजारच्या बाईंनी सांगितले’ ह्या साध्या, घरगुती मराठीत जितकी कायदेशीर सामग्री आहे, तितकी त्या भारदस्त वाक्यात नाही. पहिल्या पोलिसाने कर्ता गाळू नये, असा नियम पोलीस प्रशिक्षणात व्याकरणाचा नव्हे तर पुराव्याचा नियम म्हणून शिकविला जावा, असे आमचे मत आहे.

दिशा आणि काळ ह्यांबाबतीत हानी याहून सूक्ष्म असते. पाड्यावरचा मनुष्य ‘उगवतीकडे’ किंवा ‘मावळतीकडे’ म्हणतो, किंवा चढउताराच्या प्रदेशात नुसते ‘वर’ आणि ‘खाली’. पंचनामा ह्यांचे पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण असे भाषांतर करतो. आटगावच्या अक्षांशावर सूर्य जूनच्या अखेरीस खऱ्या पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेस उगवतो आणि डिसेंबरात तितकाच दक्षिणेस. म्हणजे ‘उगवती’ वर्षभरात पन्नास अंशांच्या पट्ट्यात फिरते. साक्षीदार चुकत नाही. तो आजच्या सूर्याविषयी बोलत असतो. परंतु नकाशात त्याची ‘पूर्व’ चुकते आणि बचावपक्षाचा वकील त्याला खोटा पाडतो. काळाचेही तसेच. ‘दिवस कासराभर वर आला होता’, ‘दिवेलागण झाली होती’ ही कालमापने घड्याळाइतकी बारीक नसली तरी निराधार नाहीत. तिथी आणि ऋतू धरून त्यांचा काळ काढता येतो. लोहमार्गाच्या गावात आणखी एक घड्याळ असते. ‘कसाऱ्याची गाडी गेली आणि मग आरडाओरडा ऐकला’ असे कोणी सांगितले, तर ती गाडी त्या रात्री आटगावातून किती वाजता सुटली हे रेल्वेच्या नोंदींवरून तपासता येते. त्याऐवजी ‘रात्रौ अंदाजे ९ वा. चे सुमारास’ असे लिहिले, की पडताळता येणारी गोष्ट नाहीशी होऊन तिच्या जागी एक अंदाज बसतो, आणि वर तो साक्षीदाराच्या नावावर.

‘म्हणे’ हा लहानसा शब्द ह्या लेखनात जवळजवळ कधीच भेटत नाही. ‘तो म्हणे रात्री आला होता’ ह्यात बोलणाऱ्याने स्वतः पाहिलेले नाही, हे एका शब्दात सांगितलेले असते. पुराव्याचा कायदा ऐकीव आणि प्रत्यक्ष ह्यांत जो भेद करतो, तोच भेद मराठी बोलणारी निरक्षर बाई रोज ह्या शब्दाने करते. लिहिणारा ‘म्हणे’ हा शब्द अशुद्ध वा अनावश्यक समजून गाळतो, आणि ऐकीव गोष्टीची साक्ष होते.

शब्द जसेच्या तसे असण्याला कायद्यानेच काही ठिकाणी असाधारण महत्त्व दिले आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. मरणोन्मुख मनुष्याने आपल्या मृत्यूच्या कारणाविषयी केलेले कथन भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २६ खाली ग्राह्य असते. लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य ह्या २००२ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, कथन नोंदविणाऱ्याची खात्री पटली असेल तर केवळ डॉक्टरचा दाखला नाही म्हणून ते टाकाऊ ठरत नाही, असे ठरविले. ह्याचा व्यावहारिक अर्थ असा की, रुग्णवाहिका येण्यापूर्वी शिपायाच्या कानी पडलेले दोन शब्द पुढे निर्णायक ठरू शकतात. ते शब्द कातकरी बोलीत असतील तर त्याच बोलीत, जसे ऐकू आले तसे, देवनागरीत उतरवावेत. अर्थ मागाहून लावता येतो. घटनेच्या ओघातच कोणाच्या तोंडून निघालेल्या उद्गारांचेही तसेच आहे. आणि आरोपीने दाखविलेल्या वस्तूच्या पंचनाम्यात त्याचे नेमके शब्द असावेत, ह्याकडे सर्वोच्च न्यायालयाने रामानंद विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य ह्या २०२२ च्या निकालात पुन्हा लक्ष वेधले. ह्या विषयावरचा प्रिव्ही कौन्सिलचा पुलुकुरी कोट्टय्या खटल्यातील निर्णय तर १९४६ चा आहे. पाऊणशे वर्षांत नियम बदलला नाही, आणि लिहिण्याची रीतही बदलली नाही!

शहापूर-मुरबाडच्या भागात ह्याचे गांभीर्य आणखी एका कारणाने वाढते. येथील अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ज्याने भाद्रपदात काही पाहिले, तो पौषात समन्स घेऊन येणाऱ्याला पाड्यावर सापडेलच असे नाही. दोन-तीन वर्षांनी खटला उभा राहतो तेव्हा त्याने पहिल्या दिवशी काय सांगितले ह्याचा एकमेव अवशेष म्हणजे तो जबाब. आणि तो अशा मराठीत आहे, जी तो बोलत नाही आणि वाचून दाखविली तरी पुरती समजत नाही. त्याला पिंजऱ्यात उभे करून ‘हे तुम्ही सांगितले होते काय?’ असे विचारले असता तो गोंधळून ‘नाही’ म्हणाला, तर तो उलटला असे मानले जाते. कदाचित तो खरे बोलत असेल: त्याने ‘हे’ सांगितलेच नव्हते. अशा एका ‘नाही’मुळे अपराधी सुटू शकतो, आणि त्याने भिऊन ‘होय’ म्हटले, तर निरपराध मनुष्य आत जाऊ शकतो.

हवालदाराला दोष देऊन हा प्रश्न सुटणारा नाही. त्याला ही भाषा वरिष्ठांनी शिकविलेली असते. ‘कसाऱ्याची गाडी गेल्यावर’ असे त्याने लिहिले, तर कागद ‘नीट लिहा’ म्हणून परत येण्याची भीती त्याला असते. शिवाय रात्री दोन वाजता, मिणमिणत्या विजेरीच्या उजेडात, चार पाने हाताने लिहिणाऱ्या मनुष्याला ठरीव वाक्ये हाच विसावा असतो. जुळी भावंडे शोभावीत असे दोन निरनिराळ्या गुन्ह्यांचे पंचनामे ह्या थकव्यातून जन्माला येतात, आणि न्यायालयात त्यांच्या साम्यावरूनच त्यांच्याविषयी संशय घेतला जातो.

नव्या संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती व जप्तीची कार्यवाही, याद्या करणे व त्यांवर पंचांच्या सह्या घेणे ह्यांसह, दृक्‌श्राव्य साधनाने, शक्यतो भ्रमणध्वनीने, नोंदविली गेली पाहिजे. साक्षीदारांचे जबाब मात्र तसे नोंदविणे ऐच्छिक आहे. २००९ पासून जुन्या संहितेत ही मुभा होती, ती पुढे चालू राहिली. ह्यातून भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे एक अगदी व्यावहारिक काम येऊन पडते. शिपायाच्या भ्रमणध्वनीत कातकरी वा ठाकरी बोलीतील दहा मिनिटांचा आवाज साठविला गेला, तर तो कागदावर कोणी आणि कोणत्या पद्धतीने उतरवावयाचा? प्रश्न आणि उत्तर वेगळे ठेवून, विराम आणि होकार-नकाराच्या खुणा नोंदवून, ‘म्हणे’, ‘वर’, ‘उगवती’ हे शब्द न बदलता, आणि बाजूस प्रमाण मराठीतील अर्थ देऊन असे प्रतिलेखन करता येते. क्षेत्रीय भाषाभ्यासात आपण ते नेहमीच करतो. ह्या तालुक्यांतील दिशा, काळ, नाती, हत्यारे, जखमा आणि वाटा ह्यांचे बोलीतील शब्द ध्वनिमुद्रणासह गोळा करणे ही त्याची पूर्वतयारी. कामाचा आरंभ नात्यांच्या शब्दांपासून करावा, अशी आमची सूचना आहे. कारण मृताची ओळख प्रथम कोणी पटविली आणि ती व्यक्ती त्याची कोण लागते, हीच पंचनाम्यातली पहिली ओळ असते.